स्लो कुकरसाठी चांगली रेसिपी कशी निवडायची: गावच्या विजेवर, गावच्या मसाल्यात

स्लो कुकर नवा असतो तेव्हा घरात उत्साह असतो. मग दोन-चार भाज्या पाणचट होतात, एकदा हरभरा कच्चा राहतो आणि यंत्र माळ्यावर जातं. यंत्र बिघडलेलं नसतं. एक तर रेसिपी चुकीची निवडलेली असते, नाहीतर रेसिपी बरोबर असूनही वीज, पाणी आणि भांड्याचं माप यांचा हिशेब केलेला नसतो. विदर्भातल्या खेड्यात हा हिशेब शहरापेक्षा थोडा वेगळा असतो, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

यंत्र म्हटलं तर अगदी साधं आहे. चिनीमातीचं जाड भांडं, त्याला बाजूंनी ऊब देणारं वेटोळं, काचेचं झाकण आणि लो, हाय, वॉर्म असा खटका. पुष्कळांना वाटतं की लो म्हणजे कमी तापमान आणि हाय म्हणजे जास्त. प्रत्यक्षात दोन्ही शेवटी उकळीच्या आसपासच पोचतात. हाय तिथे लवकर नेतं, लो सावकाश. म्हणून हायवरचा एक तास साधारण लोवरच्या दोन तासांएवढा धरतात. वॉर्म मात्र फक्त शिजलेलं गरम ठेवण्यासाठी आहे, त्यावर कच्चं काही शिजवायचं नाही.

आधी वीज आणि भांडं तपासा

गावात दिवसा व्होल्टेज पडतं हे पंपवाल्यांना सांगायला नको. पण त्याचा स्लो कुकरवर किती परिणाम होतो ते पाहा. यंत्राची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. २३० व्होल्टवर २०० वॅट ओढणारं यंत्र १८० व्होल्टवर जेमतेम १२० ते १२५ वॅट ओढतं, म्हणजे ऊब जवळपास ४० टक्क्यांनी घटते. रेसिपीत 'लोवर ८ तास' लिहिलेलं असतं ते पूर्ण व्होल्टेज धरून. तुमच्याकडे तेच मटण १० तासांतही चिवट राहू शकतं, आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे ते कितीतरी वेळ कोमट राहतं. ५ ते ६० अंश सेल्सिअस ही जंतू वाढण्याची पट्टी आहे. मटण-कोंबडी तिच्यातून दोन-तीन तासांत बाहेर पडलीच पाहिजे.

म्हणून पहिल्या दिवशी पाणी तापवून बघा. भांड्यात अर्ध्याच्या थोडं वर साधं पाणी भरा, झाकण लावा, लोवर ८ तास ठेवा. मग झाकण उघडून लगेच स्वयंपाकाचा थर्मामीटर बुडवा (तापाचा चालत नाही, त्याची पट्टी ४२ अंशांच्या आसपासच संपते). ८५ अंश किंवा त्याहून जास्त दिसलं तर यंत्र आणि वीज दोन्ही ठीक. त्याखाली राहिलं तर त्या घरात लो विसरा, हायवरच शिजवा. ही परीक्षा ज्या वेळी तुम्ही नेहमी शिजवणार त्याच वेळी घ्या. रात्री दहानंतरचं व्होल्टेज दुपारी मिळत नाही.

वीज जाण्याचा प्रश्न वेगळा. गावठाणच्या लाइनवरचं घर आणि शेतातलं, शेतीपंपांच्या लाइनवरचं घर यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पंपांच्या लाइनला ठरावीक तासच वीज असते आणि तीही पुष्कळ ठिकाणी पाळीने, कधी दिवसा, कधी रात्री. तिथे ८ तासांच्या रेसिपी शोधूच नका, हायवर ३-४ तासांत होणाऱ्याच शोधा. यंत्र अजून घ्यायचं असेल तर फिरवायच्या खटक्याचं घ्या. वीज येताच ते जिथे होतं तिथून पुढे चालू होतं. बटणं आणि आकडे असलेली बरीच यंत्रं वीज आल्यावर बंदच राहतात, आणि तुम्ही निंदणाहून परतता तेव्हा भांड्यात थंडगार कच्चं मटण असतं.

वीज गेली तर काय करायचं, याचे नियम पाठ करून ठेवा. तुम्ही घरी आहात आणि वीज गेली: लगेच सगळं गंजात (पातेल्यात) ओता आणि गॅसवर किंवा चुलीवर शिजवून संपवा. चिनीमातीचं भांडं जाळावर ठेवू नका, तडकतं. अन्न पूर्ण शिजल्यानंतर वीज गेली: झाकण न उघडता दोन तासांपर्यंत चालेल. तुम्ही घरी नव्हता आणि वीज किती वेळ गेली होती ते कळत नाही: टाकून द्या, वरून शिजलेलं दिसत असलं तरी. मटणाचा भाव बघता जीव तुटतो, पण चंद्रपूर-वर्ध्याच्या मे महिन्यात, ४५ अंशांत, कोमट राहिलेला रस्सा पुन्हा उकळून सुरक्षित होत नाही. काही जंतूंनी तयार केलेलं विष उकळूनही जात नाही. सोपी युक्ती: यंत्राच्याच पॉइंटवर साधं विजेवर चालणारं काट्याचं घड्याळ लावून ठेवा. ते जितकं मागे पडलं तितका वेळ वीज नव्हती.

परदेशातल्या नातेवाइकाने अमेरिकेतून आणलेलं यंत्र असेल तर मागचं लेबल वाचा. तिथलं यंत्र १२० व्होल्टचं असतं, आपल्या पॉइंटला थेट लावलं तर जळतं. आणि मल्टिकुकरमधला 'स्लो कुक' म्हणजे तंतोतंत स्लो कुकर नव्हे. त्यात पातळ स्टीलच्या भांड्याला फक्त तळातून ऊब मिळते. जाड वाटण खाली बसून करपतं आणि त्याचं लो पुष्कळदा फारच मंद निघतं, म्हणून त्यावर सगळ्यात वरची पायरी वापरा.

कोणत्या पदार्थांच्या मागे लागायचं

ज्यांच्या घरी चूल होती त्यांना उत्तर आधीच माहीत आहे. मुख्य जाळावर भाकर आणि फोडणी, बाजूच्या वैलावर जे तासन् तास रटरटत राहायचं ते. वैलावर जे जमतं ते स्लो कुकरमध्ये जमतं, तव्यावर आणि कढईत जे होतं ते नाही. रेसिपी शोधताना ही एक कसोटी लावली की निम्मी छाटणी होते.

जमणारे: हाडाचं मटण (खांदा, मान, नळी), पाया, गावरान कोंबडी, हरभरा, वाटाणे, बरबटी (चवळी), मोट (मटकी), तुरीच्या सोल्यांचा रस्सा, कोहळ्याची भाजी, गव्हाची खीर. मटणाचं कारण समजून घ्या म्हणजे निवड सोपी जाते. सतत काम करणाऱ्या स्नायूंत चिवट पांढरे धागे असतात. ७० अंशांच्या वर बराच वेळ राहिले की ते विरघळून रश्शाला चिकटपणा देतात. म्हणजे खाटकाकडे जो भाग 'शिजायला वेळ घेतो' म्हणून लोक नको म्हणतात, तोच इथे मागून घ्यायचा. मऊ, बिनहाडाचे तुकडे उलट सुकतात. ब्रॉयलर कोंबडी ८ तास ठेवली तर हाडावरून गळून लगदा होते. तिला लोवर ४ तास पुष्कळ.

न जमणारे: झुणका, भेंडी, पालेभाज्या, भरीत, भात (गिचका होतो), आणि जिथे आटवणं हाच पदार्थाचा जीव आहे ते सगळं. झाकणाखाली वाफ परत भांड्यातच पडते, त्यामुळे इथे काही आटत नाही. खवा किंवा बासुंदीच्या 'स्लो कुकर रेसिपी' दिसल्या तर पुढे जा. साधं तुरीचं वरणही आम्ही यात करत नाही. प्रेशर कुकरच्या चार शिट्ट्यांत होणाऱ्या गोष्टीला चार तास देण्यात काय हशील?

राजम्याचं मात्र वेगळं सांगायला हवं, कारण इथे चव नाही, तब्येत बिघडते. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं. खळखळ उकळीत ते नष्ट होतं, पण स्लो कुकरच्या मंद उबेत उरू शकतं. त्यातून जोरदार उलट्या-जुलाब होतात. परदेशी रेसिपीत 'राजमा घाला आणि लोवर ठेवा' असं लिहिलेलं असतं ते डबाबंद, आधीच शिजवलेल्या राजम्याबद्दल. आपण कोरडा वापरतो. तो रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात अर्धा तास खळखळ उकळा किंवा प्रेशर कुकरला दोन-तीन शिट्ट्या काढा आणि मगच भांड्यात टाका. हरभरा-बरबटीलाही १० मिनिटांची उकळी देण्याची सवय ठेवा. त्याने वेळही वाचतो.

रेसिपी वाचायची कशी

रेसिपी छापील असो की व्हिडिओ, करून पाहण्याआधी तिच्यात काही गोष्टी शोधा. भांडं किती लिटरचं? हे लिहिलेलं नसेल तर बाकीच्या मापांवर विश्वास ठेवता येत नाही. भांडं किमान अर्धं आणि जास्तीत जास्त पाऊण भरलेलं असावं. ६ लिटरच्या भांड्यात पाव किलो हरभरा टाकला तर कडेने करपेल, काठोकाठ भरलं तर मध्यभाग तापायलाच उशीर होईल. चार-पाच माणसांच्या घराला ३.५ लिटरचं पुरतं. अमेरिकन रेसिपीत माप 'क्वार्ट'मध्ये असतं: ६ क्वार्ट म्हणजे साधारण ५.७ लिटर. त्यांचा एक कप २४० मिलि, एक पाउंड ४५४ ग्रॅम. साहित्य निम्मं केलं तरी वेळ निम्मा होत नाही, फार तर तासभर कमी.

दुसरं, लो की हाय आणि किती तास, हे दोन्ही लिहिलंय का. नुसतं 'शिजेपर्यंत' असेल तर ती रेसिपी गॅसवरची आहे, नाव बदललेली.

तिसरी खूण सगळ्यात महत्त्वाची: कांदा, वाटण, मांस आधी परतायला सांगितलंय का? ओल्या उबेत काही तांबूस होत नाही. कच्चा कांदा आठ तासांनंतरही उकडलेला कच्चा कांदाच लागतो, आणि वाटणाचा कच्चट वास झाकणाखाली कोंडून राहतो. सगळं कच्चं एकदम टाकून शेवटी वर लाल तर्री तरंगताना दाखवणारा व्हिडिओ दिसला की समजा, मधलं काहीतरी लपवलंय. तर्री येते ती मसाला तेलात सुटेपर्यंत परतल्याने. ते काम कढईतच होतं.

चौथं, पाणी. गॅसवरच्या रेसिपीपेक्षा एक तृतीयांश ते निम्मं कमी असायला हवं. आणि शेवटचं, कोणती वस्तू उशिरा घालायची ते सांगितलंय का. दही, दूध, सांबार (कोथिंबीर), गरम मसाल्याची पूड हे शेवटच्या अर्ध्या तासात. चिंच, भेदरं (टोमॅटो), अंबाडी हे दाणा पूर्ण मऊ झाल्यावरच, कारण आंबटाने डाळ-कडधान्याचं साल घट्ट राहतं. 'सगळं एकत्र करा आणि विसरून जा' असं लिहिणारा माणूस अंबाडी-डाळ कधी शिजवून पाहिलेला नसतो.

घरच्या रेसिपीचं रूपांतर

खरं तर शोधण्यापेक्षा हे जास्त फायद्याचं. घरात जी भाजी गंजात होते तिचा उघड्या भांड्यातला वेळ धरा. शिट्ट्यांवरून हिशेब करू नका. गॅसवर अर्धा तास लागत असेल तर हायवर २ ते ३ तास, लोवर ४ ते ६. पाऊण तास लागत असेल तर हायवर ३ ते ४, लोवर ६ ते ८. तास-दीड तास लागणारं मटण हायवर ४ ते ६, लोवर ८ ते १०. पाणी वर सांगितलं तसं कमी, आणि घालायचं ते उकळतं. थंड पाण्याने भांडं तापायलाच तासभर जास्त जातो. लवंग, दालचिनी, मिरे यांचा अर्क तासन् तास उतरत राहतो, म्हणून अख्खे मसाले निम्मे. पुडीच्या मसाल्याचा वास उलट उडून जातो, त्यातला थोडा शेवटासाठी राखून ठेवा. आलू, गाजर मांसापेक्षा उशिरा शिजतात, त्यांच्या फोडी लहान करा आणि तळाशी, कडेला लावा.

बोअरचं पाणी जड असेल तर हरभरा-डाळ कितीही तास ठेवा, टणक राहते. पाण्यातला कॅल्शियम-मॅग्नेशियम दाण्याच्या सालात बसतो. भिजवायला आणि शिजवायला फिल्टरचं किंवा पावसाचं साठवलेलं पाणी वापरा. ते नसेल तर भिजवताना पाव किलो दाण्याला चिमूटभर खायचा सोडा. त्याहून जास्त नको, साबणासारखी चव येते.

सुरुवातीचे दोन पदार्थ, ३.५ लिटरच्या भांड्यासाठी

पहिला हरभऱ्याचा रस्सा, तर्री-पोह्यासोबतचा. हा आधी करा, कारण चुकला तरी नुकसान थोडं.

१. ३०० ग्रॅम काळा हरभरा रात्रभर भिजवा. सकाळी पाणी फेकून नव्या पाण्यात १० मिनिटं खळखळ उकळा आणि निथळा.
२. दोन मोठे कांदे आणि अर्धी वाटी सुकं खोबरं थेट जाळावर किंवा तव्यावर काळपट होईपर्यंत भाजा. १० लसूण पाकळ्या, बोटभर आलं आणि दोन चमचे भाजलेले धने घालून बारीक वाटा.
३. कढईत अर्धी वाटी फल्लीतेल (शेंगदाण्याचं तेल) तापवा. वाटण मध्यम आचेवर कडेने तेल सुटेपर्यंत, साधारण १० ते १२ मिनिटं परता. सराटा सतत फिरता ठेवा, खोबरं लवकर लागतं. गॅस बंद करून दोन चमचे तिखट आणि अर्धा चमचा हळद घाला. चालू जाळावर तिखट काळं पडतं.
४. कढईतच एक लिटर उकळतं पाणी ओतून खरवडून घ्या. तळाला चिकटलेला मसाला वाया घालवू नका, चव तिथेच आहे. हरभऱ्यासकट सगळं कुकरच्या भांड्यात.
५. मीठ दीड चमचा. हायवर ४ ते ५ तास, नाहीतर लोवर ८ ते ९.
६. दाणा बोटांत दाबल्यावर सहज चिरडला पाहिजे. मगच काळा मसाला एक चमचा आणि सांबार घालून २० मिनिटं ठेवा.

दुसरा मटण रस्सा, सावजी वळणाचा. एक किलो हाडाचं मटण, निम्मे तुकडे खांद्याचे आणि दोन-तीन नळ्या. फ्रीजरमधलं गोठलेलं थेट टाकू नका, आदल्या रात्री खालच्या कप्प्यात आणून वितळू द्या. मटणाला हळद, मीठ आणि आलं-लसूण लावा. कोरडं भाजायचं ते असं: तीन चमचे धने, एक चमचा खसखस, पाव वाटी सुकं खोबरं, दोन तेजपानं, थोडं दगडफूल, चार लवंगा, आठ मिरे, बोटाच्या पेराएवढी दालचिनी. प्रत्येक वस्तू वेगळी भाजा, कारण खसखस अर्ध्या मिनिटात होते आणि धन्याला तीन मिनिटं लागतात. तीन कांदे तेलात गडद तांबूस करा, मसाल्यासोबत वाटा, पाऊण वाटी तेलात परता, मग मटण घालून १० मिनिटं मोठ्या आचेवर फिरवा. त्याचं सुटलेलं पाणी थोडं आटून तुकड्यांचा रंग बदलला पाहिजे. आता ६०० मिलि उकळतं पाणी. गंजात याच मटणाला तुम्ही लिटरभर ओतलं असतं, पण इथे मटण स्वतःचं पाणी सोडतं आणि ते कुठे जात नाही. हायवर ५ तास किंवा लोवर ८ ते ९. पहिल्यांदा तिखट नेहमीच्या पाऊणपट घाला. बेसनाच्या पाटवड्या सोडायच्या असतील तर वाढण्याआधी १५ मिनिटं, नाहीतर फुटून रस्सा पिठूळ होतो.

गव्हाच्या खिरीबद्दल एवढंच: ओलवून कांडलेला गहू रात्रभर भिजवून लोवर ७ तास नुसत्या पाण्यात, गूळ गहू मऊ झाल्यावर, आणि दूध खीर थोडी निवल्यावर. गुळासोबत उकळलं की दूध फाटतं.

बिघडलंच तर

रस्सा पातळ झाला: झाकण काढून हायवर अर्धा तास ठेवा, किंवा वाटीभर शिजलेला हरभरा ठेचून परत घाला. मटणाच्या रश्शाला एक चमचा भाजलेलं ज्वारीचं पीठ थंड पाण्यात कालवून लावा, पण मग १० मिनिटं उकळी हवी.

वेळ झाला तरी कच्चं: किती वेळा झाकण उघडलं ते आठवा. एकदा उघडलं की २० ते ३० मिनिटं वाढतात. काच आहे, बाहेरून बघता येतं. बघून समाधान होत नसेल तर झाकण जागेवरच थोडं फिरवा, वाफेचे थेंब ओघळतात आणि आतलं दिसतं.

सपक लागलं: मीठ वाढवण्याआधी आंबट घालून पाहा, पाव लिंबू पिळा. तरीही नसेल जमलं तर वरून लसूण-तिखटाची कडकडीत फोडणी द्या. मंद शिजलेल्या पदार्थाला शेवटी ती लागतेच.

भांड्याला बारीक तडा गेला: गरम भांड्यात थंड पाणी ओतलं असेल, किंवा फ्रीजमधून काढून लगेच तापल्या बैठकीत (वेटोळं असलेल्या बाहेरच्या भागात) ठेवलं असेल. तडा गेलेलं भांडं वापरू नका, बैठकीत पाणी झिरपलं तर शॉक बसू शकतो. बैठक कधीही पाण्याखाली धरायची नाही आणि तीन पायांची पिन कापून दोन पायांच्या बोर्डात खुपसायची नाही.

उरलेलं अन्न भांड्यासकट फ्रीजमध्ये ठेवू नका. जाड माती तासन् तास गरम राहते आणि मधला भाग रात्रभर कोमट. उथळ स्टीलच्या डब्यांत काढा, परातीत पाणी घेऊन त्यात डबे ठेवून निववा आणि दोन तासांच्या आत फ्रीजला लावा. उन्हाळ्यात तासाभरातच. दुसऱ्या दिवशी गरम करायचं ते गॅसवर, खळखळ उकळी येईपर्यंत. स्लो कुकरमध्ये नाही.